आग लागणे आणि आग लावणे : धनलाभासाठी पेटविलेल्या वणव्यांचा तपास व प्रतिबंध

१. विषय आणि मर्यादा

आगीविषयी बोलताना मराठी भाषा दोन क्रियापदांची एक जोडी वापरते. ‘आग लागली’ असे म्हटले म्हणजे वाक्यात कर्ता आगच असते. ती कोणी लावली हा प्रश्न त्या वाक्यात उद्भवतच नाही. ‘आग लावली’ असे म्हणताच मात्र तृतीयेतील एक कर्ता गृहीत धरावा लागतो, मग त्याचे नाव उच्चारलेले असो वा नसो. पेटणे-पेटविणे, जळणे-जाळणे या जोड्याही याच जातीच्या आहेत. शासकीय लेखनात या दोहोंच्या मध्ये बसणारी एक तिसरी रचना रूढ आहे : ‘आग लावण्यात आली’. हिच्यात कोणीतरी आग लावली हे मान्य केलेले असते, परंतु तो कोण हे सांगण्याची जबाबदारी वाक्य स्वीकारीत नाही.

जाळपोळीचा तपास म्हणजे ‘लागली’ या पहिल्या वाक्यापासून ‘अमुकाने अमुक कारणासाठी लावली’ या अखेरच्या वाक्यापर्यंतचा प्रवास होय. त्या प्रवासात सर्वांत उपयुक्त पद ‘साठी’ हे आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. धनलाभासाठी लावलेल्या आगीत कर्ता लपतो. लाभ मात्र सहसा लपत नाही. म्हणून तपास लाभाकडून कर्त्याकडे गेला पाहिजे, आणि प्रतिबंधाचा विचारही लाभापासूनच सुरू झाला पाहिजे.

विवेचनासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका व त्यालगतचा वनप्रदेश घेतला आहे. पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेल्या या तालुक्यात उत्तरेस कपाशीची काळी जमीन, मध्ये चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखाने, आणि दक्षिणेस माणिकगडाच्या डोंगरांकडे चढत जाणारे सागाचे व मिश्र पानझडी रान असा क्रम आढळतो. हा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानातील राजुरा तालुक्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेनंतर १९५९ मध्ये राजुरा तत्कालीन चांदा जिल्ह्यास जोडला गेला. मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगू या चार भाषा येथे परस्परांच्या शेजारी नांदतात. ही गोष्ट तपासाच्या दृष्टीनेही महत्त्वाची कशी ठरते, ते पुढे स्पष्ट होईल.

२. कायद्याची परिभाषा

१८६० च्या भारतीय दंड संहितेत जाळपोळ हा स्वतंत्र नावाचा अपराध नव्हता. दुसऱ्याचे गैर नुकसान करण्याच्या उद्देशाने, किंवा तसे नुकसान होण्याचा संभव आहे हे माहीत असून, मालमत्तेचा नाश करणे यास संहितेच्या मराठी पाठात ‘आगळीक’ म्हटले आहे. आगीच्या साहाय्याने केलेली आगळीक हा तिचाच एक गंभीर प्रकार. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच मांडणी कायम आहे. तिच्या ३२४ व्या कलमात आगळिकीची व्याख्या असून आगीने केलेल्या आगळिकीस ३२६ व्या कलमात शिक्षा सांगितली आहे. पिकासह कोणत्याही मालमत्तेस आगीने हानी पोहोचविल्यास सात वर्षांपर्यंत, आणि राहते घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवण्याची इमारत जाळल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

या व्याख्येस जोडलेली दोन स्पष्टीकरणे विशेष लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिल्यानुसार, ज्या मालमत्तेचा नाश झाला तिच्याच मालकाचे नुकसान करण्याचा उद्देश असला पाहिजे असे नाही. दुसऱ्यानुसार, मनुष्य स्वतःच्या मालमत्तेच्या बाबतीतही आगळीक करू शकतो. विमा उतरविलेले जहाज विमाकारास बुडविण्यासाठी नष्ट करणारा इसम, किंवा कर्जाच्या वसुलीसाठी जप्त होणारी चीजवस्तू आधीच नष्ट करणारा ऋणको, ही कायद्यानेच दिलेली उदाहरणे होत. म्हणजे काय जळले आणि कोणाचे जळले यांइतकेच, कोणाचे नुकसान होऊन कोणाचा लाभ झाला हेही कायद्यास पाहावे लागते.

वनासंबंधी मात्र कायद्याची भूमिका निराळी आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमानुसार राखीव वनास आग लावणे हा तर अपराध आहेच. परंतु वनास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे किंवा पेटता सोडून जाणे हाही अपराध आहे. येथे दुसऱ्याचे नुकसान करण्याचा उद्देश सिद्ध करण्याची गरज राहत नाही. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आणखी एक कठोर तरतूद आहे. आग बुद्धिपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क राज्य शासनास काही काळ स्थगित करता येतात. काडी एकाने ओढली तरी हक्क गावाचा जातो. वणव्याच्या तपासात चूक झाली तर तिची किंमत किती जणांना द्यावी लागेल, हे या तरतुदीवरून ध्यानात येते.

३. लाभाचे तीन प्रकार

धनलाभासाठी लावलेल्या आगींचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग भरपाईचा. विमा उतरविलेला माल जळाल्याचे दाखवून रक्कम वसूल करणे हा याचा परिचित नमुना. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात जिनिंग कारखाना व गंजी ही अशा संशयाची स्वाभाविक स्थळे असतात. परंतु येथेच सावधगिरीचीही गरज आहे. सरकी काढताना यंत्रात दगड वा लोखंडाचा तुकडा आल्यास ठिणगी उडते. ती गाठीत दाबली गेली तर आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहू शकते व कोणी जवळ नसताना बाहेर पडते. आग रात्री, कुलूपबंद गोदामात लागली एवढ्यावरून ती लावलेली ठरत नाही. आगीपूर्वी मालाचे मूल्य अकारण वाढविले होते काय, चांगला माल आधीच हलविला होता काय, हिशेबाच्या वह्या नेमक्या कोठे होत्या, मालकावर देणे किती होते, हे प्रश्न राखेइतकेच बोलके असतात.

दुसरा वर्ग ऋणमुक्तीचा. याचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८७५ चे दख्खनचे दंगे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी त्यांचा आरंभ झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत ते पसरले. जमावाचा रोख सावकारांच्या खतांवर, रोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते हस्तगत करून जाळण्यात आले. जेथे कागद निमूटपणे स्वाधीन झाले तेथे बहुधा पुढील हिंसा टळली. या दंग्यांना निव्वळ धनलाभाची जाळपोळ म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांमागे दीर्घकाळचे पिळवणुकीचे दुःख होते, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हे त्याचे शासनाने दिलेले उत्तर होते. परंतु तपासाच्या दृष्टीने त्यांतून एक सूत्र मिळते : आगीने काय निवडले आणि काय सोडले, यावरून तिचा हेतू वाचता येतो.

तिसरा वर्ग उत्पन्नाचा. येथे जळणाऱ्या वस्तूचे मोल आग लावणारास नको असते. जळाल्यानंतर जे उगवते किंवा जे दिसू लागते ते त्यास हवे असते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वणव्यांपैकी पुष्कळ या वर्गात मोडतात. पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

४. मोह आणि तेंदू

महाराष्ट्रात वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा मानला जातो. सागाची व इतर पानझडी झाडांची पाने याच सुमारास गळून पडतात आणि रानाच्या तळाशी वाळलेल्या पाचोळ्याचा जाड थर साचतो. येथील वणवा सहसा शेंड्यांवरून धावणारा नसतो. तो जमिनीलगत, पाचोळ्यातून व गवतातून सरकतो. मोठी झाडे उभीच राहतात आणि पाहणारास हानी अल्प वाटते. खरी हानी रोपांची, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची आणि मातीच्या वरच्या थराची होते.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये रात्री व पहाटे गळतात. पाचोळ्यात ती सापडत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा झाडून पाचोळा पेटवून देण्याची जुनी चाल आहे. जागा स्वच्छ होते, राखेने काळवंडलेल्या जमिनीवर फिकट पिवळे फूल चटकन दिसते आणि वेचणाराचा वेळ वाचतो. हा विस्तव विझवून मनुष्य घरी गेला तर काहीच घडत नाही; न विझविता गेला तर दुपारच्या वाऱ्याने तो रानात शिरतो. अशा मनुष्याचा उद्देश रान जाळण्याचा नसतो. त्याच्याकडे निष्काळजीपणा असतो, आगळीक असतेच असे नाही.

तेंदूची गोष्ट याहून वेगळी आहे. विडीसाठी लागणारे पान कोवळे, मऊ व बिनडागी असावे लागते. तेंदूच्या झुडपाचा वरचा भाग छाटला किंवा जाळला म्हणजे मुळांपासून नवे फुटवे येतात आणि एप्रिल-मेमध्ये त्यांवर हवी तशी पाने मिळतात. छाटणीस मजुरी द्यावी लागते. आगीस एक काडी पुरते. ही तफावत हेच या वणव्यांचे अर्थशास्त्र होय. महाराष्ट्र वन उपज (व्यापार विनियमन) अधिनियम, १९६९ अन्वये तेंदूचा व्यापार नियमित झाला. वनांचे घटक पाडून त्यांचा लिलाव होऊ लागला, आणि संकलन केंद्रावर, ज्याला या भागात ‘फळी’ म्हणतात, पानांचे पुडे मोजून घेतले जाऊ लागले. पुड्यामागे दर मिळणाऱ्या मजुरास अधिक पान हवे असते. घटक विकत घेतलेल्या ठेकेदारास उत्तम पान हवे असते. आग कोणीही लावलेली असो, लाभ दोघांस होतो, परंतु तो सारख्या प्रमाणात होत नाही. तपासात मात्र सहसा पहिलाच सापडतो, कारण रानात उभा असतो तो तोच.

याखेरीज पावसाळ्यात नवे गवत जोमाने यावे म्हणून, अवैध तोडीचे बुंधे जळून जावेत म्हणून, किंवा अतिक्रमणासाठी जमीन मोकळी व्हावी म्हणूनही आगी लावल्या जातात. शेतातील पऱ्हाट्या जाळताना बांधावरून रानात गेलेली आग ही आणखी निराळी गोष्ट. हे सर्व प्रकार अहवालात ‘वणवा’ या एकाच शब्दाखाली येतात आणि तेथेच त्यांतील भेद नाहीसा होतो.

५. तपासाची रीत

वणव्याच्या तपासाचे पहिले काम म्हणजे उगमस्थान निश्चित करणे. आग ज्या दिशेने गेली तिच्या खुणा ती मागे ठेवते. वाऱ्याबरोबर धावणाऱ्या आगीत बुंध्यावरील करपटीची उंची वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूस अधिक असते. वाऱ्याविरुद्ध सरकणाऱ्या आगीत ती सर्व बाजूंनी जवळजवळ सारखी व कमी उंचीची असते. दगडावर काजळी धरते ती बहुधा आग आली त्या बाजूस. मंद आगीत गवताची काडी बुडाशी, आगीकडील बाजूने आधी जळते आणि म्हणून आग आली त्याच दिशेस पडते. उष्णतेने ताठरलेली पाने वारा वाहत होता त्या दिशेकडे वळलेली राहतात. अशा एकेका खुणेवर विसंबून चालत नाही. अनेक खुणा एकाच दिशेस बोट दाखवू लागल्या म्हणजे त्या उलट मागोव्याने उगमाजवळ पोहोचता येते.

उगम सापडला की दुसरा प्रश्न त्याच्या स्थानाचा. तो मोहाच्या झाडाखाली, झाडलेल्या वर्तुळाच्या कडेस आहे काय? तेंदूच्या दाट झुडपांत, एकाच वेळी पेटलेल्या अनेक ठिकाणी आहे काय? रस्त्याच्या कडेस, शेताच्या बांधास की ताज्या बुंध्यांच्या शेजारी आहे? एकमेकांशी न जोडलेले अनेक उगम हे हेतूचे लक्षण असते, कारण अपघात एकाच वेळी चार ठिकाणी होणे दुर्मिळ.

उपग्रहांची मदत आता नित्याची झाली आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांनी टिपलेल्या आगींची सूचना राज्यांच्या वनविभागांना देत आहे. पूर्वी वापरात आलेल्या मोडिस या संवेदकाची एकेक चौकट सुमारे एक किलोमीटरची, तर नंतरच्या व्हिर्स या संवेदकाची सुमारे ३७५ मीटरची आहे. यावरून आग कोणत्या कक्षात होती हे कळते. ती कोणत्या झाडाखाली सुरू झाली हे कळत नाही. शिवाय उपग्रह ठरावीक वेळीच माथ्यावरून जातो. पहाटे पेटून सकाळी विझलेला विस्तव त्याच्या नोंदीत येईलच असे नाही. तथापि अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या तर कोणते कक्ष, कोणत्या आठवड्यात, पुन्हा पुन्हा जळतात ते स्पष्ट होते. ती मांडणी तेंदूच्या लिलावाच्या व छाटणीच्या नोंदींशेजारी ठेवणे ही तपासाची पुढची पायरी होय. एखाद्या घटकात छाटणीवर खर्च झालेला नाही, तरी पान भरपूर आले आणि त्याच घटकात मार्चमध्ये आगी नोंदल्या गेल्या, असा मेळ आढळला तर चौकशी मजुराच्या झोपडीपाशी थांबता कामा नये.

६. जबानीची भाषा

या प्रदेशात साक्षीदार पुष्कळदा गोंडी वा कोलामी बोलणारा असतो आणि त्याची जबानी मराठीत लिहिली जाते. कोलामीचे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले एमेनो यांचे व्याकरण अभ्यासकांस परिचित आहे. गोंडीप्रमाणेच ती द्राविड कुलातील भाषा, मराठीहून रचनेने सर्वस्वी भिन्न. साक्षीदाराच्या तोंडचे वाक्य मराठीत आणताना लेखनिकास ‘लागली’, ‘लावली’ व ‘लावण्यात आली’ यांपैकी एक रूप निवडावेच लागते. ही निवड व्याकरणाची वाटते, पण तीमधून आरोपी निर्माण होऊ शकतो. ‘मी पाचोळा पेटविला, नंतर रानाला आग लागली’ आणि ‘मी रानाला आग लावली’ या दोन वाक्यांत घटना एकच असेल, पण पहिल्यात निष्काळजीपणा आहे आणि दुसऱ्यात गुन्ह्याची कबुली आहे.

यासाठी दोन गोष्टी करणे इष्ट आहे. साक्षीदाराचे मूळ वाक्य त्याच्याच भाषेत, देवनागरीत का होईना, प्रथम उतरवून घ्यावे व मग त्याचे भाषांतर द्यावे. आणि प्रश्न विचारताना ‘आग कोणी लावली?’ या प्रश्नापाशी एकदम न जाता ‘तुम्ही काय पेटविले, कशासाठी, ते विझले केव्हा?’ या क्रमाने जावे. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या क्षेत्रात लक्ष घातल्यास त्यांच्या अभ्यासाचा व्यवहारात उपयोग होईल, आणि गोंडी-कोलामीतील प्रयोजक क्रियापदांचा अभ्यास करण्यास सामग्रीही मिळेल.

७. प्रतिबंध

विमाशास्त्रात हानिपूर्तीचे एक मूलतत्त्व आहे : झालेली हानी भरून निघावी, पण हानीमुळे विमेदार पूर्वीपेक्षा धनवान होऊ नये. मालाचे वाजवी मूल्यांकन, साठ्याची मधूनमधून पडताळणी, मोठ्या दाव्यांवर परवानाधारक सर्वेक्षकाचा अहवाल, हे सर्व उपाय या एका तत्त्वातून निघतात. आगीतून लाभ होण्याची वाट बंद झाली की आग लावण्याचे कारण उरत नाही.

हेच तत्त्व वनास लावून पाहावे. जाळरेषा वेळेवर साफ करणे, हंगामात अग्निरक्षक नेमणे, सूचना मिळताच धाव घेणे हे उपाय आवश्यकच आहेत. पण ते लागलेल्या आगीवरचे आहेत. लावण्याचे कारण दूर करणारे उपाय निराळे. मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर फूल मातीत पडत नाही, पाचोळा जाळावा लागत नाही, आणि स्वच्छ फुलास दरही बरा मिळतो. पाचोळा झाडून दूर सारणे एवढ्यानेही काम भागते. तेंदूच्या बाबतीत छाटणीचा खर्च लिलावाच्या अटींतच धरावा, तो प्रत्यक्ष झाल्याची नोंद तपासावी, आणि जळालेल्या घटकातील पानाने ठेकेदाराचा नफा वाढणार नाही अशी अट घालावी. मजुराच्या हातातील काडी काढून घेणे अवघड आहे. काडीमुळे वाचणारी मजुरी लिलावाच्या हिशेबातून काढून टाकणे तुलनेने सोपे आहे.

याहून मूलगामी बदल हक्कांतून झालेला दिसतो. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने गावसमूहास गौण वनोपजावर स्वामित्व दिले आणि त्याचबरोबर वनाच्या रक्षणाचा अधिकार व कर्तव्यही दिले. कोरपन्याच्याच जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावास २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने विचारपूर्वक ठरविले की तेंदूचे संकलन करावयाचेच नाही. कारण त्यासाठी झाडे छाटावी लागतात, वणवे लावले जातात, आणि त्या पानाची विडी आरोग्यास घातक असते. माधव गाडगीळ यांनी या निर्णयाविषयी लिहिले आहे. वरवर पाहता हे लाभावर पाणी सोडणे होते. परंतु त्याच वनातील बांबूचे उत्पन्न आता गावाचे होते, आणि वणव्याने होणारी हानीही गावाचीच होती. जळणारे रान व मिळणारे पैसे हे दोन्ही एकाच हिशेबाच्या वहीत आले, तेव्हा आग परवडेनाशी झाली.

पाचगावचा निर्णय प्रत्येक गावास जसाच्या तसा घेता येईल असे नाही. ज्यांच्या रानात बांबू नाही आणि ज्यांच्या उन्हाळ्याचा मुख्य आधार तेंदूच आहे त्यांना छाटणीचाच मार्ग धरावा लागेल. परंतु त्यांच्या बाबतीतही संपूर्ण गावाचे हक्क स्थगित करण्याची तरतूद वापरण्यापूर्वी शासनाने विचार केला पाहिजे. जे गाव रानाचे मालकपण अनुभवते तेच वणवा विझवावयास धावते. हक्क गमावलेल्या गावास धावण्याचे कारण राहत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, धनलाभासाठी लावलेल्या आगीत लाभाचा मार्ग शोधणे हाच कर्त्यापर्यंत पोहोचण्याचा भरवशाचा मार्ग आहे. मग ती आग गोदामातील असो, सावकाराच्या दप्तरातील असो वा रानातील असो. दोन, मोहाखालचा निसटलेला विस्तव आणि तेंदूसाठी हेतुपूर्वक पेटविलेले रान यांतील भेद पंचनाम्याच्या भाषेत टिकला पाहिजे; तो तेथे पुसला गेला तर न्यायालयात पुन्हा सापडणे कठीण. तीन, आगीनंतर कोणीही आगीपूर्वीपेक्षा अधिक धनवान होऊ नये, हे विम्याचे तत्त्व वनव्यवस्थेतही लागू करता येते, आणि ते लागू करण्याची सर्वांत टिकाऊ रीत म्हणजे रानाची हानी व रानाचा लाभ एकाच समूहाच्या हाती असणे ही होय. या दृष्टीने कोरपना, राजुरा व जिवती या तालुक्यांतील वणव्यांच्या नोंदी, तेंदूच्या लिलावाच्या अटी आणि वनगुन्ह्यांतील जबान्या यांचा एकत्रित अभ्यास होणे अगत्याचे आहे.